सलून टाकायचंय? आधी वही घ्या

"ताई, पार्लर टाकायचंय, किती पैसे लागतील?" महिन्यातून दोन-तीनदा तरी मला हा फोन येतो. विचारणाऱ्या मुलीचा कोर्स नुकताच संपलेला असतो, वडिलांनी लाख-दोन लाख बाजूला काढलेले असतात आणि गाळाही बघून झालेला असतो. मी तिला आकडा सांगत नाही. तिलाच विचारते, "तुझ्या हाताखालून आजवर किती डोकी गेली? आणि त्यातल्या किती जणींचे नंबर तुझ्याकडे लिहिलेले आहेत?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते.

मी सांगलीत सलून चालवते. माझ्या दुकानात दोनदा कृष्णेचं पाणी शिरलं, लॉकडाउनमध्ये दोनदा कुलूप लागलं, एकदा मालकानं गाळा रिकामा करून घेतला आणि एकदा माझ्या स्वतःच्या चुकीनं एका बाईचे केस तुटले. प्रत्येक वेळी परत उभं राहताना कामाला काय आलं आणि काय वाहून गेलं, ते इथं लिहिते. ज्याला जिथं गरज असेल तिथून वाचावं.

हात बसेपर्यंत

मिरज तालुक्यातल्या आमच्या गावात माझे वडील, आण्णा, न्हावीकाम करायचे. त्यांच्या तरुणपणी ते बलुत्यावर होतं. वर्षभर घरोघरी जाऊन दाढी-हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी आणायची. पुढे त्यांनी एसटी स्टँडजवळ खोकं टाकलं. धोकटीतला वस्तरा मी लहानपणापासून बघत आले, पण मुलीनं तो हातात धरावा असं घरात कुणाच्याच मनात नव्हतं. बारावीनंतर मी हट्ट धरला तेव्हा आत्या म्हणाली, "बाईमाणसाचं काम हाय का ते?" आण्णांनी तिला गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादवांची गोष्ट सांगितली. नवरा वारला, पदरात चार मुली, तेव्हा त्या माउलीनं नवऱ्याचीच हत्यारं उचलली आणि आसपासच्या गावांत फिरून पुरुषांच्या दाढ्या केल्या. "तिला जमलं, मग आमच्या पोरीला का न्हाई जमायचं?" आत्या पुढं काही बोलली नाही.

आण्णांनी पहिल्यांदा शिकवलं ते कात्री धरणं. खालचं पातं स्थिर, त्यात अनामिका. वरचं पातं अंगठ्यानं हलवायचं, मनगट अजिबात नाही. "पोरी, कात्री दाबायची नसती, सोडायची असती," असं ते म्हणायचे. तीन आठवडे मी एकही केस कापला नाही. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं नुसती कात्री उघडमीट करायची आणि त्याच हातात कंगवा फिरवायचा. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींकडून मी हेच करून घेते. मनगट हलवून कापायची सवय एकदा लागली की दहा वर्षांनी अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की चहाचा कप उचलवत नाही.

कोर्स कुठं करायचा? आयटीआयमध्ये एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, फी कमी आहे आणि प्रमाणपत्र सरकारमान्य आहे. खाजगी अकॅडमीत जायचं असेल तर फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. डमीवर किती कट आणि जिवंत माणसांवर किती? एका शिक्षिकेमागं किती मुली? रंगाचं साहित्य फीमध्ये धरलंय की वेगळं? पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला जी अकॅडमी टाळाटाळ करते, तिथून उठून या. आणि कोर्ससाठी कर्ज काढू नका. कर्ज पुढं दुकानाला लागणार आहे.

कोर्सनंतर मी पुण्याला गेले, २००९ साली. कॉट बेसिसवर राहायचं आणि एका मोठ्या सलूनमध्ये हेल्पर म्हणून राबायचं, पगार साडेतीन हजार. पहिले सहा महिने मी फक्त डोकी धुतली, दिवसाला पंधरा-वीस. तिसऱ्या महिन्यात बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, रात्री हात पांघरुणाला लागला तरी आग व्हायची. सीनियर मुली म्हणाल्या, "ग्लव्ह्ज घातले तर क्लायंटला आवडत नाही." मी ऐकलं, आणि त्यापायी दोन आठवडे बिनपगारी घरी बसले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. नायट्राइलचे हातमोजे घाला. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली शॅम्पू साठतो. प्रत्येक धुण्यानंतर बेचक्या कोरड्या टिपा आणि रात्री पेट्रोलियम जेली लावा. या धंद्यातलं पहिलं भांडवल हात आहेत आणि ते बाजारात पुन्हा मिळत नाहीत.

डोकी धुताना मी एक गोष्ट मात्र कमावली. ओल्या केसांवरून बोट फिरवलं की या बाईनं आधी काय काय लावलंय याचा अंदाज यायला लागला. स्वतःचं दुकान काढण्याआधी दुसऱ्याच्या दुकानात निदान पाचशे कट आणि शंभर रंगकामं स्वतःच्या हातानं करा आणि त्यांची नोंद ठेवा, असं मी सांगते. हा आकडा कुठल्या नियमातला नाही, माझ्या अनुभवातला आहे.

जेव्हा हातून चूक होते

२०१२ साली एक शिक्षिका हायलाइट्स करायला आल्या. मी विचारलं, "आधी काही लावलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, फक्त मेहंदी." केस दाट काळे होते. मेहंदीनं केस तांबूस होतात, काळेभोर होत नाहीत, हे मला माहीत होतं. तरीही मी पुढं काही विचारलं नाही. बाहेर चार जणी थांबल्या होत्या. ब्लीचमध्ये ३० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड मिसळलं, फॉइल लावल्या. दहा मिनिटांत फॉइल हाताला गरम लागायला लागली. उघडली तर केस रबरासारखे ताणले जात होते, आणि धुताना कानाच्या वरून ओल्या शेवयांसारखे माझ्या हातात आले.

त्या ओरडल्या नाहीत. आरशात बघत बसल्या आणि मग रडायला लागल्या. मालकिणीनं सांगितलं, "प्रॉडक्ट खराब निघालं म्हण." मी तसं म्हटलं नाही. त्यांना सांगितलं की मी टेस्ट घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. त्या महिन्याचा निम्मा पगार कापला गेला. पुढचे आठ महिने दर सहा आठवड्यांनी त्यांच्या घरी जाऊन मी केस सारखे करत राहिले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्याहून लवकर काही होत नाही. शेवटी त्यांचा छान बॉब झाला.

ती चूक अशी टाळता येते. बाजारातल्या काही मिश्र मेहंदी आणि केस काळे करणाऱ्या पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात आणि केसाचा आतला सांगाडाच मोडतो. म्हणून मानेजवळून वीस-पंचवीस केस कापून दोऱ्यानं बांधा. काचेच्या वाटीत २० भाग २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि १ भाग अमोनिया घ्या, त्यात केस अर्धा तास बुडवा. धातूची वाटी वापरू नका. बुडबुडे आले, वाटी गरम झाली, वास सुटला किंवा केसांचा रंग झटकन बदलला, तर त्या डोक्यावर रंग नाही, ब्लीच नाही, स्मूदनिंग नाही. ते केस वाढवत वाढवत कापूनच काढावे लागतात.

व्हॉल्यूमचा हिशोब पाठ हवा: १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. मी ४० ची बाटली दुकानात ठेवतच नाही. घाईच्या दिवशी नवीन मुलीच्या हाताला ती लागेल एवढंच कारण पुरेसं आहे.

पॅच टेस्ट वेगळी. रंगाच्या ट्यूबमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी कुणालाही, कधीही सुरू होऊ शकते. "गेली दहा वर्षं लावतेय" ही खात्री नाही. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास थांबायचं. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढा वेळ कुठं आहे?" तर ते गिऱ्हाईक जाऊ द्या. स्मूदनिंगच्या काही औषधांतून गरम प्रेसखाली फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात ते त्यामुळं. एक्झॉस्ट फॅन नसेल तर ते काम घेऊच नका, आणि गरोदर बाईला तर मी सरळ नाही म्हणते. नाही म्हणण्याची आमच्या पेशात जुनी परंपरा आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. पोटावर पाय येत असताना ते नाही म्हणाले. आपल्याला तर फक्त एक अपॉइंटमेंट सोडायची असते.

गाळा घेताना

२०१५ ला मी सांगलीत पहिलं दुकान टाकलं. स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा नोटरी करार. भिंतीला ठोकलेलं प्लायवूडचं फर्निचर, खर्च एक लाख चाळीस हजार. बाराव्या महिन्यात मालकाच्या पुतण्याला गाळा हवा झाला. ते फर्निचर काढताना तुटलं आणि भंगारात सहा हजाराला गेलं.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. निदान ३६ महिन्यांचा करा आणि मध्येच काढता येणार नाही अशी मुदत त्यात लिहून घ्या. आरसे फ्रेममध्ये, ट्रॉल्या चाकांवर, काहीही भिंतीत पक्कं करू नका. बॅकवॉशच्या (मान मागं टेकवून केस धुण्याच्या बेसिनच्या) जागेचा उतार आणि गटाराची जोडणी स्वतः पाणी ओतून बघा, कारण केसांनी पहिला पाइप तुंबतो तो भाडेकरूच्या खर्चानं सुटतो. विजेचं मीटर व्यापारी आहे का हे बघा. आणि सांगली-कोल्हापूरकडच्या मुलींनो, शेजारच्या तीन दुकानदारांना विचारा, "२००५ ला पाणी कुठवर होतं? २०१९ ला? २०२१ ला?" दलालाला विचारू नका.

कागदपत्रं फार नाहीत. दुकानाची गुमास्ता नोंद ऑनलाइन होते. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यावर गेलात तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, फक्त खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही.

कर्जाला मुद्रा योजना आहे: शिशूमध्ये ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, त्यापुढं तरुण. तारण लागत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हावीकामही आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. घरटी एकालाच मिळतं. कर्ज किती घ्यायचं याचं माझं माप असं आहे: श्रावणातल्या गल्ल्यातून हप्ता निघाला पाहिजे. श्रावणात बरेच पुरुष दाढी-केस करत नाहीत, पुढं पितृपक्षात दुकान रिकामं असतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, दिवाळीत आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीचा गल्ला बघून कर्ज काढलं की पुढच्या श्रावणात दागिने गहाण पडतात.

सुरुवातीला दोन खुर्च्या, एक बॅकवॉश, एक चांगला ड्रायर, २५ लिटरचा गिझर आणि इन्व्हर्टर एवढं पुरे. खुर्ची जुनी चालेल, पंप दाबून बघा. कात्री जुनी घेऊ नका, दुसऱ्याच्या हाताची धार आपल्या हाताला लागत नाही.

रेट कसा ठरवायचा

समोरच्या पार्लरपेक्षा वीस रुपये कमी. सगळ्यांची सुरुवात इथूनच होते, माझीही झाली. दीड वर्ष मी रात्री नऊपर्यंत राबत होते आणि हातात काही उरत नव्हतं. मग एका रविवारी वही घेऊन बसले. भाडं १४,०००, लाइटबिल ४,५००, दोन मुलींचे पगार ४२,०००, कर्जाचा हप्ता ८,५००, किरकोळ ६,००० आणि माझा स्वतःचा पगार २५,०००. एकूण एक लाख. स्वतःचा पगार खर्चात धरायचाच, तो नफ्यातून उरेल तेव्हा घेऊ म्हटलं की कधीच उरत नाही.

खुर्च्या तीन, दिवस २६, रोजचे तास ९. म्हणजे महिन्याला ७०२ खुर्ची-तास. त्यातले निम्मे रिकामेच जातात, उरले ३५१. एक लाखाला ३५१ नं भागा: तासाला २८५ रुपये. हेअरवॉशसह कटला मला पाऊण तास लागत होता, म्हणजे २१४ रुपये, वर शॅम्पू-कंडिशनर-टॉवेलचे २५. जो कट मला २३९ ला पडत होता तो मी २०० ला विकत होते आणि गर्दी झाली म्हणून खूश होत होते. दुसऱ्या दिवशी रेट ३०० केला. पंधरा-वीस जणी गेल्या, बाकीच्या राहिल्या.

हा हिशोब दर सहा महिन्यांनी करा. रंगाचा रेट ठरवताना ट्यूब ग्रॅममध्ये मोजा, त्यासाठी आठशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा घ्या. अंदाजानं मिसळलेला उरलेला रंग जेव्हा बेसिनमध्ये जातो, तेव्हा तुमचा नफा त्याच्याबरोबर वाहत असतो.

पाणी आलं तेव्हा

२०१७ ला मी मारुती चौकाजवळ दुसरं दुकान घेतलं, मुद्राच्या कर्जावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा चढत गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शेजारी म्हणाले होते, "२००५ ला इथं पायरीपर्यंत आलं होतं, आता किती येणार?" मी ड्रायर, कात्र्या, ट्यूबचे खोके वरच्या फळीवर ठेवले आणि शटर ओढलं. पाणी फळीच्याही वर गेलं आणि आठवडाभर हललं नाही.

शटर उघडलं तो वास अजून नाकात आहे. खुर्च्यांच्या पंपात गाळ, प्लाय फुगून उलललेलं. नुकसान साधारण तीन लाख दहा हजार. तो आकडा तरी मांडता आला. काउंटरच्या खणात माझं रजिस्टर होतं, साडेसहाशे बायकांची नावं आणि प्रत्येकीच्या रंगाचा फॉर्म्युला जेल पेननं लिहिलेला. ते हातात आलं तेव्हा निळ्या लगद्याचा गोळा झाला होता. मी खुर्च्यांसाठी रडले नाही, त्या गोळ्यासाठी रडले.

कारण गिऱ्हाईक परत येतं ते आपल्याला त्याच्या केसांची आठवण आहे म्हणून. ती आठवण मी एकाच कागदावर ठेवली होती.

आता वहीत एका बाईला अर्धं पान असतं. नाव, मोबाइल, तारीख. केसांचा पोत, जाड की बारीक, नळाचं पाणी वापरतात की बोअरचं. आधी काय काय लावलंय, मेहंदीच्या पाकिटाच्या नावासकट. पॅच टेस्टची तारीख. ट्यूबचा नंबर, किती ग्रॅम, किती व्हॉल्यूम, किती मिनिटं. आणि शेवटचा रकाना, जो बाकी कुणी ठेवत नाही: मागच्या वेळी काय आवडलं नाही. "फ्रिंज जास्त छोटी झाली", "वॉशला पाणी गार होतं", असं जसं बोलल्या तसंच लिहायचं. दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, नव्या पानांचे फोटो काढून मी स्वतःला मेल करते आणि भावाच्या फोनवरही पाठवते. अ‍ॅप वापरलं तरी चालेल, पण आठवड्याला त्याची प्रत बाहेर काढा.

दुसरी गोष्ट विमा. २०१९ ला माझा नव्हता. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला आहे. ती मी त्याच जूनमध्ये घेतली आणि जुलैच्या शेवटी पुन्हा पूर आला, ५५ फुटांच्या आसपास. या वेळी खुर्च्या आदल्या दिवशीच वरच्या मजल्यावर चढवल्या होत्या, तरी बॅकवॉश, गिझर, वायरिंग गेलं. दावा एक लाख साठ हजारांचा केला, एक लाख अठरा हजार मिळाले. कमी का मिळाले? ज्यांची बिलं नव्हती त्या वस्तू धरल्या नाहीत. म्हणून प्रत्येक बिलाचा फोटो ठेवा, वर्षातून एकदा दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा व्हिडिओ काढा, आणि चिखलात भिजलेला माल विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बघितल्याशिवाय टाकू नका. साफसफाईची कितीही घाई असली तरी.

दोन पुरांच्या मध्ये लॉकडाउन होतं. २२ मार्च २०२० ला शटर खाली गेलं ते २८ जूनला वर आलं, तेही फक्त कटिंग, रंग, वॅक्सिंग आणि थ्रेडिंगपुरतं, फेशियलला परवानगी नव्हती. घरी येऊन करा म्हणून फोन येत होते, पैसेही दुप्पट द्यायला तयार होते. मी गेले नाही. घरात आण्णा होते आणि नियमही होता. नवी वही उघडून व्हिडिओ कॉलवर एकेकीला फ्रिंज कशी कापायची ते दाखवलं, एकीच्या नवऱ्याकडून मागची मान सारखी करून घेतली. जूनच्या सुरुवातीला मी फक्त एक मेसेज पाठवला: उघडल्यावरच्या कटचे पैसे आत्ता दिले तर मुलींचा अर्धा पगार निघेल. एकतीस जणींनी पाठवले.

तेव्हापासून रोज दोनशे रुपये बँकेच्या पिग्मीत जातात, गल्ला कसाही असो. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या पुरानंतर, २०२२ मध्ये, मी दुकान उंचावर, विश्रामबागेत नेलं ते याच पैशांच्या जोरावर. वहीतल्या ५४० नावांना मी स्वतः फोन केले. वर्षभरात ३१० जणी नव्या दुकानात येऊन गेल्या.

स्वच्छतेचं थोडक्यात

ब्लेड प्रत्येकाला नवीन, आणि त्याच्या डोळ्यांसमोर उघडायचं. वापरलेलं ब्लेड जाड डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत नाही, कचरा वेचणाऱ्या बाईचे हात त्यात जातात. कंगवे आधी साबणानं धुवा, मग जंतुनाशकात बुडवा. घाणेरड्या कंगव्यावर जंतुनाशक काम करत नाही. आणि हिपॅटायटिस बीची लस स्वतः घ्या, मुलींनाही द्या. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी.

माणसं

२०१८ मध्ये माझ्याकडची सगळ्यात हुशार मुलगी सोडून गेली. जरा वरच्या भागात तिनं स्वतःचं दुकान टाकलं आणि माझ्या चाळीसेक बायका तिच्याकडे गेल्या. मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. नंतर पगाराचा रकाना बघितला तेव्हा कळलं: तीन वर्षं ती रंगाचं निम्मं काम करत होती आणि मी तिला नुसता फिक्स पगार देत होते. कमिशन शून्य. ती थांबणार कशासाठी होती?

आता फिक्स पगार आणि पगाराच्या तिपटीवर जे काम होईल त्यावर १५ टक्के. पगाराची तारीख, सुट्ट्या, एक महिन्याची नोटीस हे एका कागदावर दोघींच्या सह्यांनी. कुणाची मूळ सर्टिफिकेटं मी ठेवून घेत नाही, बाँड लिहून घेत नाही. जाणारी मुलगी महिनाभर आधी सांगते, आणि मीच क्लायंटना सांगते की ती अमुक ठिकाणी दुकान काढतेय. वही मात्र दुकानाची, हेही त्या कागदावर लिहिलेलं असतं.

२०१९ चं पाणी उतरल्यावर मी गाळ उपसत होते तेव्हा त्या मुलीचा फोन आला. तिच्याकडे पाणी चढलं नव्हतं. "ताई, माझी एक खुर्ची रिकामी हाय. तुमच्या बायका तिथं बोलवा." मी दहा दिवस तिच्या दुकानात काम केलं, रोजचं दीडशे रुपये भाडं मी हट्टानं तिच्या गल्ल्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी क्लायंट आली आणि म्हणाली, "नेहमीचा रंग लाव." मी उभी राहिले. तिचा फॉर्म्युला त्या निळ्या गोळ्यात गेला होता.

शेजारच्या खुर्चीवर ती ब्लोड्राय करत होती. मान न वळवता म्हणाली, "सिक्स पॉइंट थर्टी फाइव्ह, ट्वेंटी व्हॉल्यूम, पस्तीस मिनिटं. मागच्या बाजूला पाच मिनिटं आधी लावा, तिथं धरत नाही."

मी खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. तिची पहिली ओळ ती आहे.